निळ्या चौकडीची झालर

"जागा लिहून देताना माणसानं एकदा येऊन तरी बघावं… उभं राहायला पत्रासुद्धा नाही इथं. छत्री उलटी, कागद ओला, आणि दुकान बंद. झालं. संपलं."

शटरला टेकून कोणीतरी पुटपुटत होतं. शटर मी अर्धं खाली ओढलेलं. आतून मी, बाहेरून तो, आणि मधे फक्त पत्रा. पुरुषाची कुरकुर इतक्या जवळून ऐकायची मला सवय नव्हती. माझ्या दुकानात कुरकुर असते ती बायकांची. बाही घट्ट झाली, गळा मोठा झाला, मी जाड झालेली नाही, तूच माप चुकीचं घेतलंस…

गेल्या वर्षीच्या श्रावणातला रविवार होता तो. रविवारी दुकान बंद असतं. पण गौरी-गणपतीचे ब्लाउज साचले होते, म्हणून मी मशीनवर आणि आई हुक लावायला, अशा आम्ही दोघी बल्ब लावून आत बसलो होतो.

"यशा, बाहेर कोण रडतंय बघ," आई म्हणाली.

"रडत नाहीये, बोलतोय."

"एकटाच? मग रडतच असणार."

मी खाली वाकले. आधी दिसले ते बूट. कारखान्यात घालतात तसले जाड, पुढून टणक, एकाची नाडी सुटलेली. बूट भिजून काळे झाले होते. मग गुडघे वाकले, आणि अर्ध्या शटराखाली एक ओला चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर येऊन थांबला. डोळे लाल. दाढी वाढलेली. आणि त्या अवतारातही माणूस असा ओशाळून हसला, की जणू पाऊस त्यानंच पाडला होता.

"रविवारी बंद असतं," मी म्हटलं.

"हो, पण… कोर्टानं…"

"कोर्टानं काय?"

"कोर्टानं तुमच्याकडे यायला सांगितलंय."

आईच्या हातातला हुकांचा डबा खाली सांडला. बुवापाड्यात दुकान टाकून मला इतकी वर्षं झाली, पण फॉल-पिको करणाऱ्या बाईकडे कोर्टानं माणूस पाठवल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी शटर वर केलं. त्यानं शर्टाच्या आतून एक कागद काढला. शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. मुलगी जिज्ञासा आईकडे राहील. वडिलांना दर रविवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच भेटता येईल. मुलीला सोडायचं आणि न्यायचं ठिकाण: यशोधरा लेडीज टेलर, बुवापाडा, अंबरनाथ.

"हे माझं नाव आहे," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना.

"हो. आज पहिलाच रविवार, अकराला जिज्ञासा येईल. तुम्हाला विचारायला हवं होतं. मला वाटलं राजसी विचारेल, तिला वाटलं असेल मी…"

राजसी म्हटल्यावर मला आठवलं. हे कुटुंब पूर्वी अंबरनाथलाच राहायचं. राजसीचे ब्लाउज माझ्याकडेच असायचे. तिची मुलगी कटिंगच्या टेबलाखाली बसून चिंध्या वेचायची आणि बाहुलीला साड्या नेसवायची. मग ते येईनासे झाले. गिऱ्हाईक येईनासं झालं की आपण समजतो, दुसरा टेलर मिळाला. घर मोडलं असेल असं थोडंच मनात येतं.

आता राजसी बदलापूरला माहेरी होती. हा, यज्ञेश, उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात आईजवळ. अंबरनाथ बरोबर मधे.

"जजमॅडमनी विचारलं, दोघांनाही चालेल अशी एखादी जागा सांगा," यज्ञेश केसांतलं पाणी झटकत म्हणाला. "राजसी म्हणाली, माझ्या दारात नको. मी म्हटलं, पोलीस चौकीत नको. मग वकील एकमेकांवर… तेवढ्यात जिज्ञासा म्हणाली…"

"काय म्हणाली?"

"टेलर मावशीकडे."

आई खाली बसून हुक वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "बस बाबा. कोर्टानं पाठवलंय म्हटल्यावर चहा तर द्यायला हवा."

*

असे आमचे रविवार सुरू झाले.

अकराला राजसी यायची. पायरीवर उभी राहायची, आत यायची नाही. यज्ञेश आधीच येऊन मागे इस्त्रीच्या टेबलाजवळ उभा असायचा. दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. मी जिज्ञासाचा हात धरायचा आणि तिला पायरीवरून टेबलापर्यंत आणायचं. आठ वर्षांची पोर. तिला काय स्वतःला चालता येत नव्हतं? पण मधे कोणीतरी लागायचं. ते मधलं माणूस मी.

कपड्यांचंही ठरलेलं. आईनं घेतलेला फ्रॉक आईकडे, बाबानं घेतलेला बाबाकडे. इकडचा कपडा तिकडे गेला की मेसेजवर भांडण. म्हणून पोर माझ्या पडद्यामागे कपडे बदलायची. आल्यावर एकदा, जाताना पुन्हा एकदा. मी पडद्याला दोन खिळे ठोकून दिले.

"मी काय वाळत घालायची दोरी आहे?" ती पडद्यामागून कुरकुरायची.

"तू आमची राणी आहेस," यज्ञेश म्हणायचा.

"राण्या एवढ्या वेळा कपडे बदलत नाहीत, बाबा."

त्यावर मी हसायचे, तो हसायचा, आणि आई दोघांकडे बघून दोरा दातानं तोडायची.

पाऊस नसेल तेव्हा तो तिला शिवमंदिराकडे न्यायचा. जेवून दोघं लवकरच परत यायचे, आणि पाच वाजेपर्यंत माझ्याच दुकानात. जिज्ञासा टेबलाखाली बाहुलीचे कपडे शिवायची. हा स्टुलावर बसायचा, आणि बसल्या बसल्या झोपायचा. एकदा इस्त्रीच्या टेबलावर डोकं आपटलं, तर मी हळूच खाली चिंध्यांचं गाठोडं सरकवलं. झोपेत त्यानं त्यावर गाल घासला. मी मशीनवर गेले आणि तीच शिवण दोनदा मारली.

"बाबा घोरतो," जिज्ञासानं टेबलाखालून सांगितलं. "तू घाबरू नकोस, मावशी."

जागा झाल्यावर मी त्याला विचारलं, "रविवार म्हणजे तुमच्या तोंडावर कायम रात्रपाळी का असते हो?"

"रात्रपाळीच असते."

"रविवारी सुट्टी ना तुम्हाला?"

"एमआयडीसीत आहे मी. आमची सुट्टी शुक्रवारी."

आता हे अंबरनाथमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शुक्रवारी इथले कारखाने बंद. माझे वडील धोंडिबा काडेपेटीच्या कारखान्यात होते. आमच्या घरी मटण शुक्रवारी व्हायचं, तेव्हा मला तर माहीत असायलाच हवं होतं.

"मग कोर्टात रविवार कसा घेतला?"

"जजमॅडमनी विचारलं, रविवार चालेल ना? मी… मान हलवली."

"शुक्रवारची सुट्टी आहे, हे बोलला नाहीत?"

"सगळे रविवार-रविवार म्हणत होते. शुक्रवारी शाळा असते तिची. म्हटलं, मधे कुठं बोला… शनिवारची रात्रपाळी कायमची मागून घेतली. कोणालाच नको असते ती. सकाळी सुटलो की थेट इकडे."

"घरी जाऊन थोडं पडत का नाही?"

"झोप लागली आणि अकरा वाजून गेले तर?"

मला त्याचा रागही आला, आणि जे रागाच्या अगदी शेजारी राहतं तेही आलं. तेव्हा मी त्याला नाव दिलं नाही. चाळिशीला टेकलेली बाई असल्या गोष्टींना पटकन नाव देत नाही. आधी उलटून-पालटून बघते… धुतल्यावर आटणार तर नाही ना?

"तुमचं एक वाक्य पुरं होईपर्यंत माझी एक रीळ संपते," मी म्हटलं.

"मग रीळ मी आणून देत जाईन."

एवढं मात्र त्यानं न अडखळता म्हटलं. आणि मग स्वतःच लाजला.

*

हिवाळा गेला. उन्हाळ्यात पत्रा तापला. पुढचा श्रावण आला आणि तसाच ओला, करडा निघून गेला. दुपारी दोन वाजताही दुकानात बल्ब. बाहेर गटार भरून वाहायचं, एमआयडीसीकडून तो ओळखीचा उग्र वास यायचा. आणि रविवारी मी उगीच दोन-दोनदा आरशात बघायचे. या वयात! आईला एक शब्द सांगितला नव्हता. पण आई आठवडाभर "रविवारवाले साहेब" म्हणून त्याचा उल्लेख करायची, आणि शनिवारी संध्याकाळी आपणहून म्हणायची, "आलं आणून ठेवलंय. चहाला."

गणपतीच्या सुमाराला तो एक पिशवी घेऊन आला. आत निळ्या बारीक चौकडीचं सुती कापड.

"शर्ट शिवून द्याल?"

"पाटी वाचली का? लेडीज टेलर."

"हो, पण… कोर्टानं एकाच टेलरकडे पाठवलंय."

मी कापड उलगडलं. उलगडत गेले, उलगडत गेले. "अहो, शर्टाला सव्वादोन मीटर पुरतं. हे तर पाच आहे."

"कॅम्पातला दुकानदार म्हणाला, 'एकदम एक्स्पोर्ट का माल है साईं, पूरा पीस ले जाओ.'"

"आणि तुम्ही पूरा पीस ले आए."

"नाही म्हणता आलं नाही."

मी टेप घेतला. उभ्या जन्मात कधी पुरुषाचं माप घेतलं नव्हतं. खांदा घेतला, तोपर्यंत ठीक. छातीचं घ्यायला हात मागे न्यायला लागले, तर हा खांबासारखा ताठ.

"श्वास घ्या."

"घेतला."

"सोडा पण. नाहीतर शर्ट फुग्याच्या मापाचा होईल."

त्यानं श्वास सोडला. माझ्या कपाळावरची बट हलली. गळ्याचं माप घेताना टेपच्या आत दोन बोटं ठेवतात, गळा आवळू नये म्हणून. माझ्या बोटांखाली त्याची नाडी उडत होती. की माझीच होती, कोण जाणे.

"हुक संपले," आई म्हणाली. "मी आणायला जाते." आणि जागची हलली नाही.

"यशोधरा…" तो म्हणाला. त्याच्या तोंडून नाव पहिल्यांदा आलं. "तुम्हाला एक…"

"काय?"

टेबलाखालून जिज्ञासाचं डोकं वर आलं. "बाबा, बटणं कुठली लावायची? पांढरी का निळी?"

"पांढरी," तो म्हणाला. वाक्य तिथंच राहिलं.

त्या संध्याकाळी घरी आईनं ताटाकडे बघतच विचारलं, "त्याच्या आईला चालेल का गं?"

"कशाला काय चालेल?"

आईनं भिंतीकडे पाहिलं. बुद्ध आणि बाबासाहेब, रोजच्यासारखे. चार नंबर कॅम्पातल्या त्या घराच्या भिंतीवर काय असेल ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

"काही नाही," आई म्हणाली. "वरण उतू चाललंय बघ."

*

शर्ट झाला. कापड भरपूर उरलं. कापड टाकून देणारा टेलर मी अजून पाहिलेला नाही. आमचा हात उरलेल्या तुकड्यावरून फिरला की त्याचं काहीतरी होतंच. आणि जिज्ञासाचा बाबाकडचा पांढरा फ्रॉक आखूड झाला होता. शिवणीत सोडलेली माया मी आधीच दोनदा उकलून दिली होती, आता सोडायला काही राहिलं नव्हतं. म्हणून खाली चुण्या घालून निळ्या चौकडीची झालर लावली. पोर गोल गोल फिरली, घेर उडाला, खूश झाली. मग अजून एक तुकडा राहिला. राहिला तर राहिला… मी माझा ब्लाउज शिवला. पांढऱ्या साडीवर होईल म्हणून. शपथेवर सांगते, मनात दुसरं काही नव्हतं. निदान मनाच्या वरच्या कप्प्यात तरी.

त्याच सुमाराला यज्ञेशनं सांगितलं की त्यानं कोर्टात अर्ज टाकलाय. जिज्ञासाला रविवारची रात्र त्याच्याकडे राहू द्यावी आणि सुट्ट्या अर्ध्या अर्ध्या कराव्यात म्हणून. दिवाळीनंतरची तारीख मिळाली होती.

"वकील म्हणालेत, तोपर्यंत एकदम… म्हणजे कुठल्याच बाजूनं…"

"डाग नको," मी म्हटलं.

"हो. तिकडच्या वकिलाला काही सापडलं तर आहेत ते रविवारही…"

"मग इथं इतका वेळ बसत जाऊ नका."

त्यानं कपातला शेवटचा घोट घेतला. मग हळूच म्हणाला, "इथं बसायचं कोर्टानंच लिहिलंय."

मी हसले. पण मला चांगलं ठाऊक होतं, कोर्टानं मला मधे उभं राहायला सांगितलं होतं. एका बाजूला सरकायला नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तो नवा शर्ट घालून आला. जिज्ञासानं पडद्यामागे पांढरा फ्रॉक चढवला. मी पांढरी साडी नेसले होते. दिवसभर आम्हा कोणाच्याही लक्षात आलं नाही. आईच्या आलं असणार.

पाच वाजता राजसी आली. जिज्ञासा कपडे बदलायला विसरून टेबलाखालून बाहेर आली, बाबा तिच्या मागे, आणि बाहुली द्यायला मी पुढे. तिघं दारात.

राजसीची नजर शर्टावर गेली. मग झालरीवर. मग माझ्या बाहीवर. एका ताग्यातलं कापड घेऊन सगळ्या घराला शिवतात ना लग्नकार्यात… आम्ही तसे उभे होतो.

"छान आहे कापड," ती म्हणाली.

"कपडे बदलून येते," जिज्ञासा म्हणाली.

"राहू दे. आज हाच घालून चल."

असं कधी झालं नव्हतं. दोघी रिक्षात बसल्या. रिक्षा वळेपर्यंत झालरीचं टोक बाहेर दिसत होतं.

*

पुढच्या रविवारी जिज्ञासा आली नाही.

अकरा वाजले, बारा वाजले. परतीचा पाऊस भरून आला होता, पण पडत नव्हता. यज्ञेशनं फोन लावला, वाजत राहिला. दुपार उलटल्यावर राजसीचा मेसेज आला. जिज्ञासाला बरं नाही.

"ताप असेल," तो म्हणाला.

"हं."

"हवाच अशी आहे."

"हं."

ताप नाही, हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि आईला तर सगळ्यात आधी माहीत होतं. आई त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून घरी राहिली. आईचं डोकं कधी दुखत नाही.

"तुम्ही जा घरी," मी म्हटलं. "रात्रभर जागे आहात."

"पाचपर्यंत थांबतो. कोर्टानं पाच म्हटलंय."

दोघंच. मधे कटिंगचं टेबल. त्या दिवशी तो झोपला नाही. मी काज करत राहिले. खिळ्यावर जिज्ञासाचा आईकडचा गुलाबी फ्रॉक लटकत होता, गेल्या रविवारी इथंच राहिलेला. त्याच्याकडे दोघांनीही बघायचं टाळलं. मग तो उठून टेबलाच्या माझ्या बाजूला आला. माझ्या हाताशेजारी त्याचा हात येऊन थांबला. टेकला नाही. मधून एक दोरा जाईल, एवढंच अंतर.

"यशोधरा… मी तुम्हाला कधीपासून…"

मी सुई खाली ठेवली.

"हो?"

तो खिळ्यावरच्या फ्रॉककडे बघत होता.

"…चहा छान झाला होता आज," तो म्हणाला.

"आज चहा केलाच नाही मी," मी म्हटलं.

पाच वाजता तो गेला. मी घरी जाऊन तो निळा ब्लाउज ट्रंकेच्या तळाशी घातला. वाटलं, संपलं. आपल्या एका ब्लाउजपायी एका बापाचे रविवार गेले.

*

त्याच्या पुढच्या रविवारी अकराला जिज्ञासा आली. बरोबर राजसी, आणि पहिल्यांदाच ती पायरी चढून आत आली. आई पटकन उठली आणि तिला आपलं स्टूल दिलं. राजसी बसली नाही. पिशवीतून पांढरा फ्रॉक काढून तिनं टेबलावर पसरला.

"यशोधराताई, एवढी झालर उसवून द्या."

"आखूड होईल."

"होऊ दे."

इस्त्रीच्या टेबलाजवळून यज्ञेश म्हणाला, "राजसी, कापड उरलं होतं म्हणून लावलं. तसं काही नाहीये."

सव्वा वर्षात त्यानं माझ्यासमोर इतक्या ठामपणे पुरं केलेलं हे पहिलं वाक्य. आणि नेमकं तेच खोटं.

मला वाईट वाटलं नाही, असं कसं म्हणू? पण राग आला नाही. त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं, तो माझ्याशी नाही, त्याच्या रविवारांशी बोलत होता. मी ब्लेड घेतलं आणि एकेक टाका कापायला लागले. जिज्ञासा पडद्याची कड मुठीत धरून बघत होती. दुकानात फक्त टाके तुटल्याचा आवाज.

राजसी मग बसली. एकदम दमल्यासारखी.

"मागच्या रविवारी हिला ताप नव्हता," ती म्हणाली. "मीच नाही पाठवलं. दिवसभर ही चपला घालून दाराशी बसली होती. मी विचारलं, बाबाची आठवण येते का? तर म्हणाली, बाहुलीच्या परकराची शिवण राहिलीय, टेलर मावशी वाट बघत असेल." ती हसली, पण ते हसू पुरं झालं नाही. "मला वाटायचं, ह्याच्या आयुष्यात कोणी आलं तर मला ह्याचा राग येईल. ह्याचा नाही आला. तुमचा आला."

"तिची आई तुम्हीच आहात," मी म्हटलं. "टेबलाखाली बसते तेव्हाही गोष्टी तुमच्याच सांगते."

"वकिलांना फोन लावायला घेतला होता. लावला नाही अजून." तिनं यज्ञेशकडे सरळ पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. "ह्याची नोकरी गेली होती ना, तेव्हा महिनाभर हा रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होता. मला शेजारणीकडून कळलं. मारहाण नाही, दारू नाही… सगळे मला विचारायचे, मग कोर्टात कशाला गेलीस? घरात काही खरं ऐकूच येईना, म्हणून गेले हो. आणि आज पुन्हा तेच. 'तसं काही नाहीये.'"

"राजसी, मी…" यज्ञेश पुढे आला. "म्हणजे, मला असं…"

आम्ही सगळ्या थांबलो. राजसी, आई, जिज्ञासा, मी. त्याचे ओठ हलले. नजर माझ्यावरून जिज्ञासावर गेली, आणि तिथंच राहिली. पुढे काही आलं नाही.

बाहेर पाऊस सुरू झाला. शटर त्या दिवशीही अर्धंच होतं, त्याच्या कडेवरून थेंब पायरीवर पडायला लागले. अर्धी झालर टेबलावरून खाली लोंबत होती. मी ब्लेड बाजूला ठेवलं.

"राजसीताई, मी हे उसवणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही दुसरी जागा बघा. कागदावरून माझं दुकान काढून टाका. तुमच्या वकिलांना सांगा, ह्यांच्याही सांगा, चोरून काही झालेलं नाही आणि चोरून काही ठेवायचं नाही. पण मधे उभं राहायला आता मी चालणार नाही."

"का?" राजसीनं विचारलं. तिला माहीत होतं. तरी तिनं विचारलं, आणि मला वाटलं, ती माझ्याकडे जवळजवळ विनवणी केल्यासारखी बघत होती.

आईनं हुकांच्या डब्याचं झाकण लावलं.

"कारण माझं ह्यांच्यावर प्रेम आहे," मी म्हटलं. "ह्यांचं माझ्यावर आहे की नाही, ते ह्यांना बोलता येईल तेव्हा हे सांगतील. माझं आहे."